कानात कोण बोलतंय? (विभूतिपाद, सूत्र १६ व १७)



गेले पंधरा दिवस आपण पतंजलींच्या विभूतिपादात आहोत. रोज एक सूत्र घेतो, आज दोन घेतोय. ती शेजारी-शेजारी आहेत, आणि त्यांच्यात जे सांगितलंय त्याच्या मोहात पडून मी मागच्या वर्षी चांगलाच तोंडावर आपटलो. हे लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. आजचं चिंतन त्यामुळे नेहमीपेक्षा लांबलंय, चहा घेऊन बसा.

सोळावं सूत्र म्हणतं की वस्तूत होणाऱ्या तीन प्रकारच्या परिणामांवर संयम केला, तर होऊन गेलेल्याचं आणि होणार असलेल्याचं ज्ञान होतं. (संयम म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी तिन्ही एकाच विषयावर, हे आपण सूत्र ४ ला पाहिलंय.) सतरावं म्हणतं की शब्द, अर्थ आणि प्रत्यय, म्हणजे मनात उठणारी कल्पना, हे तीन आपण एकमेकांवर चढवून ठेवतो. त्यांची फोड करून तिथे संयम केला, की सगळ्या प्राण्यांचे आवाज कळतात.

पाठोपाठ आलेत बघा. आधी भविष्य, मग प्राण्यांची भाषा. आपल्या लोकांच्या डोक्यातही ही जोडी फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पक्ष्यांच्या ओरडण्यावर, कुत्र्यांवर, कोल्हिणीच्या आवाजावर, कावळ्यावर वेगवेगळे अध्याय आहेत. तिथे एक गोष्ट मला आवडते. पक्षी काही घडवून आणत नाही, आपल्याच जुन्या कर्माचं फळ पिकायला आलंय एवढं तो कळवतो, असं वराहमिहिर मानतो. पोस्टमनने पत्र आणलं म्हणून पत्रातला मजकूर त्याचा होत नाही, तसं.

आमच्या गावी, बार्शीकडे, पहाटे पिंगळा यायचा. हातात कंदील, दुसऱ्या हातात कुडमुडं. पिंगळा नावाचं छोटं घुबड रात्री जे बोलतं ते ह्याला कळतं आणि त्यावरून हा घरातल्यांचं भविष्य सांगतो, अशी समजूत. मी पाच-सहा वर्षांचा असेन, गोधडीतून डोकं बाहेर काढून ऐकायचो. आजी उठायची, सुपातून ज्वारी घालायची, आणि त्याने सांगायला सुरुवात केली की म्हणायची, ‘असू दे बाबा, पुढच्या घरी जा.’ मी एकदा विचारलं, तू ऐकत का नाहीस? ती म्हणाली, ‘पाखरू बोलतंय ते पाखराशी. आपलं काय काम हाय त्यात?’

योग्याची ती वाट लांबची. म्हणून लोकांनी आडवाट शोधली. स्वतः शुद्ध होऊन ज्ञान मिळवण्याऐवजी कुणालातरी कामावर ठेवायचं, त्याने आपल्या कानात येऊन सांगायचं. त्याचं नाव कर्णपिशाच. तंत्रग्रंथांत कर्णपिशाचिनी म्हणून येते, विधी वगैरे सगळं आहे, मी इथे लिहिणार नाही आणि तुम्हीही शोधत बसू नका. समोर बसलेल्या माणसाचं नाव काय, घरी कोण आजारी आहे, खिशात किती पैसे आहेत, सगळं म्हणे ती कानात सांगते. पण याबाबतची लोकांमधली समजूत नीट ऐकलीत, तर तिच्यात एक अट दडलेली आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ती माहीत असते: कर्णपिशाच झालेलं सांगतं, चालू असलेलं सांगतं, होणारं सांगू शकत नाही.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, पिशाच असतं की नसतं ते बाजूला ठेवा, माणसाच्या मनाबद्दल इतकं अचूक निरीक्षण मी कुठल्या मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं नाही. माझ्या कामातलं उदाहरण देतो. ज्याला सर्व्हरचे लॉग वाचता येतात, तो काल रात्री २ वाजून १० मिनिटांनी काय बिघडलं ते बरोबर सांगतो. उद्या सर्व्हर पडेल का, हे तोही अंदाजानेच सांगतो. पण कालचं त्याने मिनिटासकट सांगितलेलं असतं ना, त्यामुळे त्याचा उद्याचा अंदाजही आपण पुरावा म्हणून धरतो. भूतकाळ अचूक निघाला की आपण भविष्याची चावी देऊन टाकतो. पिशाचाला आणखी काही करावंच लागत नाही.

आता माझं सांगतो.

मागच्या वर्षी श्रावणात आई गेली. तिची एक कुत्री होती, तांबू. रस्त्यावरचंच पिल्लू, आईने उचलून आणलेलं, अकरा वर्षांची झाली होती. आई गेल्यावर तांबू आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडून राहायला लागली. खाणं कमी झालं. रात्री कण्हायची. आमच्या नेहमीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वय झालंय, एकदा रक्त तपासून घ्या. चिठ्ठीही लिहून दिली.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या कुणीतरी एका अॅनिमल कम्युनिकेटरचा नंबर दिला. प्राण्याचा फोटो पाठवायचा, ते त्याच्याशी मनाने बोलतात आणि तो काय म्हणतोय ते आपल्याला फोनवर सांगतात. मी इंजिनिअर माणूस, इतर वेळी टर उडवली असती. पण आईला जाऊन वीस दिवस झाले होते. मी फोटो पाठवला, पैसे भरले, आणि ऑफिसच्या एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये कानात इयरफोन घालून बसलो.

त्या बाई म्हणाल्या, ‘ती सांगतेय, आई पोळ्या लाटताना काहीतरी गुणगुणायची. आणि पहिली पोळी माझी असायची.’

मी काचेकडे पाठ करून रडलो. खरंच तसंच होतं. पहिली पोळी तांबूची. आणि गुणगुणणं म्हणजे हरिपाठ, पण तोंडातल्या तोंडात. पुढे त्या म्हणाल्या की शेवटच्या दिवशी आईच्या अंगावर निळी शाल होती. तेही खरं होतं.

मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. बरी होईल का?

‘होईल. दिवाळीपर्यंत खेळायला लागेल. आत्ता तिला सुया टोचू नका, डॉक्टरांकडे ओढू नका. ती शोक करतेय, करू द्या.’

चिठ्ठी मी फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवली. नऊ दिवस ती तिथेच होती. दहाव्या दिवशी तांबूला उलट्या सुरू झाल्या तेव्हा उचलून नेलं. क्रिएटिनिन इतकं वाढलेलं होतं की डॉक्टर आकडा बघून थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘हिला पाणी फार लागत होतं का?’

लागत होतं. तिची स्टीलची वाटी मी दिवसातून तीन-चारदा भरत होतो. आधी ती एकदा भरली की संध्याकाळपर्यंत पुरायची. ऊन असेल म्हणून सोडून दिलं. त्यानंतर चौथ्या रात्री तांबू गेली.

डॉक्टर म्हणाले, नऊ दिवस आधी आणली असती तरी वाचलीच असती असं नाही, किडनी खूप आधीपासून जात असते. ते चांगले आहेत म्हणून तसं म्हणाले. कदाचित खरंही असेल. पण सलाईनने ते नऊ दिवस तिला कमी त्रासाचे गेले असते, हे मी वाचून काढलंय आणि ते मला कुणी समजावू शकत नाही.

पोळ्यांचं कोडं पुढे महिन्याभराने सुटलं. ताईने दोन वर्षांपूर्वी एक रील टाकलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. आई पोळपाटापाशी, ओठ हलतायत, आणि पहिली पोळी खाली तांबूच्या पुढ्यात. माझ्या नावावरून तिथे पोचायला दोन मिनिटं लागतात. शालीचं मात्र मला अजूनही सापडलेलं नाही. कुठल्या फोटोत नाही, व्हिडिओत नाही. अंदाज लागला असेल, मीच बोलण्याच्या ओघात काही बोलून गेलो असेन. किंवा खरंच कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असेल.

मला या शालीपाशी थोडं थांबायचंय. माझ्यासारखे शिकलेले लोक इथून पळ काढतात. ‘सगळी फसवणूक’ म्हटलं की सुटलो. पण समजा फसवणूक नव्हती. समजा खरंच एखादं पिशाच होतं आणि त्याने शाल पाहिली होती. तर काय बदललं? तांबूच्या किडनीत काय चाललंय ते त्याने सांगितलं नाही. शालीने तिला एक थेंब सलाईन मिळालं नाही. शालीने झालं एवढंच की माझा विश्वास बसला, आणि फ्रीजवरची चिठ्ठी नऊ दिवस तिथेच राहिली.

गीतेच्या नवव्या अध्यायात पंचविसावा श्लोक आहे. भगवान म्हणतात, देवांना भजणारे देवांकडे जातात, पितरांना भजणारे पितरांकडे, भुतांना पुजणारे भुतांकडे, आणि मला भजणारे माझ्याकडे. मी लहानपणी हा मेल्यानंतरचा हिशोब समजायचो. त्या नऊ दिवसांकडे मागे वळून बघताना वाटतं, मरायची वाट बघावी लागत नाही. तांबू तीन फुटांवर पडलेली असायची आणि मी सोफ्यावर बसून बाईंना मेसेज करत असायचो, आज ती काय म्हणतेय? उत्तर येईपर्यंत फोनकडे बघत राहायचो. उंबऱ्यावरच्या जिवापेक्षा कानातला आवाज मला जवळचा झाला होता. भुतांकडे जाणं म्हणजे आणखी काय असतं?

सतराव्या सूत्राकडे परत येऊ, कारण माझी चूक त्या सूत्रातच लिहिलेली आहे. व्यासभाष्यात गाईचं उदाहरण आहे. ‘गाय’ हा आवाज, समोर उभी असलेली गाय, आणि आपल्या मनातली गाय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला त्या एकच वाटतात, म्हणून घोळ होतो. आता तांबूचं कण्हणं घ्या. एक तो आवाज. दुसरी, त्यामागची खरी गोष्ट, म्हणजे तिच्या पोटात होणारा त्रास. आणि तिसरी, माझ्या मनातली कल्पना की ही आईसाठी रडतेय. आईसाठी मी रडत होतो. माझं रडणं मी तिच्या आवाजावर चढवलं, आणि त्या बाईंनी माझाच प्रत्यय मला प्राण्याची भाषा म्हणून परत विकला. पतंजली सांगतात की आधी ही तीन वेगळी करा. मी तिघांची भेळ करून वर पैसे दिले.

आणि लक्षात घ्या, हे सगळं साधलेल्या योग्यालाही पतंजली काय म्हणतात. ३७वं सूत्र (काही प्रतींत ३८वं): या सिद्धी बाहेर वळलेल्या मनाला सिद्धी वाटतात, समाधीत त्या अडथळा आहेत. तुकोबा तर याहून रोखठोक. तिन्ही काळ कळायला लागणं ही करंट्यांची कमाई, असा त्यांच्या एका अभंगाचा रोख आहे. विष्णुदासाने मनात देव धरावा, व्हायचं ते प्रारब्धाने होतच राहतं, आणि लोकांत नाव व्हावं म्हणून असलं दुकान थाटलं की नारायण दूर जातो. गाथेत शोधून वाचा, चार ओळींत सगळं आहे.

तरी आपल्या परंपरेने पिशाचालाही नुसतं हाकलून दिलेलं नाही, हे मला फार लोभस वाटतं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली पैठणची. कथासरित्सागरात आहे, अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात आणलेली. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला पंडित गुणाढ्य एका पैजेत हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी, सगळ्या भाषा सोडतो. विंध्याच्या रानात त्याला काणभूती नावाचं पिशाच भेटतं. मुळात यक्ष, शापाने पिशाच झालेला. भविष्यातलं तो काही सांगत नाही. त्याच्याकडे फक्त एक कथा आहे, मूळ शंकराने पार्वतीला सांगितलेली, आणि ती योग्य माणसाला ऐकवली की तो सुटणार आहे. गुणाढ्य ती पैशाची भाषेत लिहून काढतो. रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात वर्षं, सात लाख श्लोक. राजाकडे पाठवतो. राजा म्हणतो, पिशाचांची भाषा आणि रक्ताने लिहिलेलं? नको. मग गुणाढ्य टेकडीवर अग्निकुंड पेटवतो आणि एकेक पान मोठ्याने वाचून जाळत जातो. ऐकायला रानातले प्राणी गोळा होतात. हरणं, डुकरं, रेडे गोल करून उभे, चरायचं विसरलेले, डोळ्यांतून पाणी. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, मांस सुकलेलं येतंय. आचारी शिकाऱ्यांना बोल लावतात, शिकारी म्हणतात, रानात कुणी एक ब्राह्मण वाचतोय, जनावरं खातच नाहीत. राजा धावत जातो तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले.

यातला राजा म्हणजे मी. जनावरं उपाशी आहेत ही बातमी त्याला पोचली ती ताटातून. आणि पिशाच? त्याने प्राण्यांच्या काळजाला हात घातला, कारण त्याच्याजवळ होती ती शंकराची गोष्ट आणि तिच्या बदल्यात त्याला कुणाकडून काही नको होतं.

दुसरी गोष्ट तुलसीदासांची, तुम्ही ऐकली असेल. शौचानंतर लोट्यात उरलेलं पाणी ते रोज एका झाडाच्या मुळाशी ओतायचे. त्या झाडावर एक प्रेत होतं, तहानलेलं. ते प्रसन्न झालं, म्हणालं, माग. या जागी आपण असतो तर? मी तर विचारलं असतं, नोकरी टिकेल का. तुलसीदास म्हणाले, राम दाखव. प्रेत म्हणालं, ते माझ्या हातात नाही. पण रामकथेला एक कोडी म्हातारा सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो, तो हनुमान आहे, त्याचे पाय धर. झालं, प्रेताचं काम संपलं. तुलसीदासांनी पुन्हा त्याला काही विचारल्याचं कुणी सांगत नाही. मला यात प्रेताचंही कौतुक वाटतं. स्वतःला काय येत नाही ते त्याने सांगून टाकलं. आमच्या क्षेत्रातही इतका प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे.

आणि दोन्हीकडे बघा, सुरुवात पाण्याने किंवा शाईऐवजी रक्ताने, म्हणजे काहीतरी देऊन झालीय. मी पैसे दिले होते, ते देणं वेगळं.

पैठणहून आठवलं. ज्ञानोबांनी तिथेच रेड्याच्या तोंडून वेद बोलवले. त्या प्रसंगावर भरपूर कीर्तनं झालीत. माझं मन हल्ली पैठणच्याच दुसऱ्या संताकडे जास्त जातं. एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले. वाटेत वाळूत एक गाढव तडफडत पडलंय. नाथांनी कावड उतरवली आणि सगळी गंगा त्याच्या तोंडात ओतली. बरोबरचे हळहळले, एवढ्या लांबून आणलेलं पाणी! नाथांचा रामेश्वर तिथेच पावला.

गाढवाशी नाथांचं काय बोलणं झालं, हे कुठल्याच चरित्रकाराने लिहिलेलं नाही. त्याला पाणी हवं होतं आणि ते दिसत होतं. सतराव्या सूत्रावर संयम केलेल्या योग्याला जे कळेल, ते नाथांना कावड खांद्यावर असताना कळलं.

मला स्टीलची वाटी चारदा भरूनही कळलं नाही.

ती वाटी आता आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर, गुलमोहराखाली ठेवलीय. सकाळी ध्यानाला बसायच्या आधी भरतो. एक कानतुटका कुत्रा येतो, दोन साळुंक्या येतात. पहिले काही दिवस मी वर उभा राहून किती पाणी संपतंय ते बघायचो, मोजायचो, कुणाला जास्त लागतंय का. बायको म्हणाली, पुरे आता. पण मोजतोच.

उद्या सूत्र १८, संस्कारांच्या साक्षात्काराने कळणारे पूर्वजन्म. ते लिहिताना मला तांबूचा विचार येणार. एवढं भविष्य मी सांगून ठेवतो, बाकीचं माहीत नाही.

राम कृष्ण हरी.